मुलांच्या रक्ताला प्रौढांची मोजपट्टी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या आहारातील ओमेगा-३ मेदाम्लांविषयी (मेदाम्ले म्हणजे फॅटी ॲसिड, स्निग्ध पदार्थांचे घटक) आपल्या आरोग्य पुरवणीत अधूनमधून लेख येतात. त्यांत ‘रक्तातील प्रमाण कमी’ हा निष्कर्ष बहुधा एकाच आकड्यावर उभा असतो आणि मुलाचे वय काय, याचा उल्लेख नसतो.

वास्तविक निरोगी मुलांतही मेदाम्लांचे प्रमाण वयानुसार बदलते. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत वारेतून ॲराकिडोनिक आम्ल (ओमेगा-६ गटातले) आणि डीएचए (ओमेगा-३ गटातले) ही मेदाम्ले बाळाकडे प्राधान्याने पोहोचवले जातात. त्यामुळे जन्मवेळी रक्तात त्यांचा वाटा मोठा, तर लिनोलेइक आम्ल या आहारातूनच मिळणाऱ्या ओमेगा-६ मेदाम्लाचा वाटा प्रौढांच्या मानाने बराच कमी असतो. दूध सुरू झाल्यावर लिनोलेइक आम्ल भराभर वाढते आणि डीएचए किती टिकते, हे त्या दुधात ते आहे की नाही यावर पुष्कळसे ठरते. शरीरातच तयार होणाऱ्या मीड आम्ल या मेदाम्लाचेच पाहा. प्रौढांत ते वाढणे ही आवश्यक (शरीर स्वतः बनवू न शकणाऱ्या) मेदाम्लांच्या कमतरतेची खूण मानतात, पण नवजात बाळांत ते एरवीही काहीसे जास्त आढळते. पुढे आहाराबरोबर शरीरात मेदाम्लांचे रूपांतर घडवणाऱ्या एफएडीएस जनुकांचाही प्रभाव दिसतो, त्यामुळे एकाच ताटात जेवणाऱ्या भावंडांचे आकडेही जुळतीलच असे नाही.

मोजमापाचा प्रश्न वेगळाच आहे. प्लाझ्मातील (रक्ताच्या द्रव भागातील) आकडा अलीकडच्या आहाराचा असतो, तर तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगत असल्याने त्यांतील आकडा काही महिन्यांचा हिशेब सांगतो. शिवाय अहवाल टक्केवारीत असेल, तर एका आम्लाचा वाटा वाढताच दुसऱ्याचा घटलेला दिसतो, मग त्याचे प्रत्यक्ष प्रमाण तेवढेच का असेना. संदर्भमर्यादा, म्हणजे अहवालात ‘सामान्य’ मानलेली आकड्यांची कक्षा, सामान्यतः निरोगी व्यक्तींपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवतात. म्हणजे २० मेदाम्लांच्या अहवालात निरोगी मुलाचाही एखादा आकडा मर्यादेबाहेर जाणे अगदी स्वाभाविक आहे.

वयोगटवार मर्यादा ठरवणे सोपे नाही, हे मान्य. धडधाकट मुलाला केवळ अभ्यासासाठी सुई टोचू द्यायला कोणते आईवडील चटकन तयार होतील? तरीही प्रयोगशाळांनी आपली मर्यादा कोणत्या वयाच्या नमुन्यांवर बेतलेली आहे, एवढे तरी अहवालावर छापायला हवे. आपणही अशा लेखांत मुलांचा वयोगट, नमुना प्लाझ्माचा की तांबड्या पेशींचा आणि आकडा टक्केवारीचा की प्रत्यक्ष प्रमाणाचा, हे आवर्जून द्यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक