थिनरचा वास जातो कुठे?

लॉस एंजेलिस

ती. दादास,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

वैनीनं फोनवर विचारलं, की बेळगावात शहापूर-वडगावच्या बोळांत एवढ्या गाड्या नसतानाही दिवाळीनंतर सकाळची हवा धुरकट का दिसते. तू लगेच उद्यमबागेतल्या फौंड्र्यांकडे बोट दाखवलंस. फौंड्री आहे, जाळलेला कचरा आहे, रस्त्याची धूळ आहे, आणि थंडीत जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही म्हणून हे सगळं तिथंच कोंडून राहतं. पण त्यातला काही भाग धूर म्हणून कुठूनच निघत नाही. तो पॉलिशच्या डब्यातून वास होऊन निघतो आणि हवेत गेल्यावर त्याचा कण होतो. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

थिनरमधलं झायलिन घे. ऊन ओझोन फोडतं, त्यातून हवेतल्या बाष्पाच्या संगतीनं हायड्रॉक्सिल तयार होतं. ते क्षणभर टिकतं, पण समोर येईल त्या वाफेवर तुटून पडतं. झायलिनच्या रेणूला ऑक्सिजन चिकटत जातो, रेणू जड होतो आणि त्याला वाफ म्हणून राहणं जमेनासं होतं. मग गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून ओल धरावी तसा तो हवेतल्या काजळीच्या किंवा सल्फेटच्या कणावर जाऊन बसतो. हे कण २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक. आपला केस ५० ते ७० मायक्रॉन जाड. कडक उन्हात झायलिनची निम्म्याहून जास्त वाफ काही तासांत संपते, थिनरमधल्याच टोल्युइनला एक-दोन दिवस लागतात. तेवढ्यात वारा ती खानापूरकडे नेईल नाहीतर चिकोडीकडे, म्हणून कण नेमका कुणाच्या दारचा हे हुडकणं अवघड.

इथं हा धडा दोनदा शिकावा लागला. अननसाच्या वासावर काम करणारे हागेन-स्मिट नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९५०च्या सुमारास दाखवलं, की इथलं धुकं म्हणजे पेट्रोलच्या वाफा आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांचं उन्हात झालेलं मिश्रण. मग १९७५ पासून नव्या गाड्यांच्या धुराड्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले आणि गाड्या खूपच स्वच्छ झाल्या. २०१८ साली याच शहराचा हिशेब नव्यानं मांडला, तर खनिज तेलापासून आलेल्या वाफांपैकी जवळजवळ निम्म्या रंग, शाई, डिंक, कीटकनाशकं, फिनेल आणि अत्तरं-क्रीम यांच्या निघाल्या. वजनानं इंधन यांच्या पंधरापट खपतं. पण इंधन इंजिनात जळून जातं आणि थिनर उडून जाण्यासाठीच बनवलेला असतो.

सगळ्या वाफा सारख्या वाईट नाहीत, हे मात्र लक्षात ठेव. स्पिरिटचा रेणू लहान. तो ओझोनला थोडा हातभार लावतो, पण त्याचा कण फारसा होत नाही. या एका बाबतीत जुनं स्पिरिटमधलं लाखेचं पॉलिश एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरपेक्षा बरं, फक्त स्पिरिट औद्योगिक असेल तर त्यातल्या मिथेनॉलपासून जपायचं. टोल्युइन, झायलिन आणि डांबरगोळ्यांतलं नॅफ्थलीन हे मात्र कण करण्यात पटाईत.

आता तुझं पॉलिशचं वर्कशॉप. फवारण्याइतकं पातळ केलेलं लॅकर म्हणजे वजनानं तीन-चतुर्थांशाच्या आसपास नुसता थिनर. साध्या गनमधून निघालेल्या मालाचा साधारण तिसरा हिस्साच लाकडावर बसतो, बाकी भिंतीवर आणि फुप्फुसात. एचव्हीएलपी, म्हणजे कमी दाबानं जास्त हवा सोडणारी गन घेतलीस तर दोन-तृतीयांश बसतो. पण तिच्या टोपीशी दाब १० पीएसआयच्या आतच लागतो आणि हवा भरपूर लागते. तुझा एक एचपीचा कॉम्प्रेसर तिला पुरणार नाही. हवा कमी पडली की पृष्ठभाग खरबरीत येतो, आणि पोरं काय करतात, तर आणखी थिनर ओततात. म्हणजे गनवर जे वाचवलं ते डब्यात घालवलं. गन सहा ते आठ इंचांवर, लाकडाला काटकोनात, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा. मनगट फिरवून कमानीत मारलं की दोन्ही टोकांना माल वाया.

पावसाळ्यात लॅकर पांढरं मारतं, तेव्हाही तीच चूक होते. थिनर झपाट्यानं उडाला की पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली ओल त्यावर बसते. त्यावर पुन्हा साधा थिनर मारू नकोस. एकूण मिश्रणाच्या ५ ते १० टक्के सावकाश उडणारा रिटार्डर घाल, थर पातळ ठेव, आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल त्या दिवशी नुसतं घासकाम काढ. गन धुतलेला थिनर नाल्यात न ओतता झाकणाच्या डब्यात ठेव. गाळ खाली बसला की वरचा पुढच्या धुण्याला चालतो. उघडी बादली रात्रभर राहिली की सकाळी पातळी उतरलेली दिसते, ती उतरली म्हणजे हवेत गेली. चिंध्याही झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच, आणि अळशीच्या तेलाच्या असतील तर पाण्यात बुडवून. त्या आपोआप पेटतात.

ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साठते. म्हणून पंखा खाली हवा, आणि मोटर ठिणगी न उडणारी. पण पंखा वाफ संपवत नाही, बोळात ढकलतो, हे विसरू नकोस. पोरांना धुळीचा मास्क देऊन भागणार नाही; तो कण अडवतो, वाफ आरपार जाते. कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो, आणि वास येऊ लागला की कार्ट्रिज बदलायचं. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारताना तर वासाची वाटच पाहायची नाही. त्यातल्या आयसोसायनेटचा वास कळेपर्यंत उशीर झालेला असतो. तिथं ठरल्या तारखेला कार्ट्रिज बदलायचं.

वैनीला सांग, लिंबाच्या वासाचं क्लीनर आणि पाइन तेलाचं फिनेल दुपारी वापरू नये. तेव्हा बाहेर ओझोन सर्वांत जास्त असतो, तो आत येऊन या वाफांचे खोलीतच कण करतो. सकाळी खिडक्या उघडून पुसावं, बुचभर बादलीला पुरे. हवा शुद्ध करणारं म्हणून कुणी ओझोनचं यंत्र विकायला आलं तर दारातूनच परत पाठवायचं.

पाण्यावरचं पॉलिश घ्यावं का, असं विचारलं होतंस. घे, पण आधी एका दरवाजाला मारून बघ. ते वाळायला वेळ घेतं, लाकडाचे तंतू उभे करतं, म्हणून पहिल्या थरानंतर ३२० नंबरच्या कागदानं घासावं लागतं. त्यातलाही थोडा सावकाश उडणारा भाग पुढं कित्येक दिवस निघत राहतो, पण एनसीच्या मानानं तो फारच थोडा. डब्यावर एका लिटरला किती ग्रॅम वाफ हे छापलेलं असेल तर त्याचा फोटो पाठव. इथं भिंतीच्या रंगाला ५० ग्रॅमची मर्यादा आहे, त्याच्याशी ताडून बघू.

आईबाबांना नमस्कार.

तुझी,
सुनी