ऑपरेशनपर्यंतचं खाणं

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचला. खडे पित्ताशयातच आहेत, पित्तनळीत उतरलेले नाहीत, हे चांगलं आहे. आहाराने खडे विरघळत नाहीत, ती आशा धरू नकोस. पण पित्ताशय काढायच्या ऑपरेशनच्या तारखेपर्यंत कळ टाळायला आहाराचा मोठा उपयोग होतो, म्हणून सविस्तर लिहिते.

चरबी लहान आतड्यात उतरली की तिथून एक संप्रेरक सुटतं आणि पित्ताशय आवळतं. त्याच वेळी खडा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकला तर पित्त बाहेर पडत नाही, आत दाब वाढतो आणि उजव्या बरगडीखालून पाठीत, खांद्यापर्यंत कळ जाते. म्हणून एका बैठकीत किती चरबी पोटात जाते याकडे जास्त लक्ष दे. दिवसाला साधारण ४० ग्रॅम, आणि एका जेवणात १०-१२ ग्रॅमच्या वर नाही.

तेल-तूप पार बंद मात्र करू नकोस. बरेच पुरुष घाबरून उकडलेल्या भाज्यांवर येतात आणि झपाट्याने वजन उतरवतात. चरबी अजिबात मिळाली नाही तर पित्ताशय रिकामंच होत नाही, पित्त साचून घट्ट होतं. वजन आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त उतरायला लागलं तर नवे खडे होण्याचा धोका वाढतो. सकाळचा नाश्ता चुकवू नकोस, कारण रात्रभराच्या उपासाने पित्ताशय भरलेलं असतं.

आता मोजमाप. चहाचा सपाट चमचा म्हणजे ५ मिली तेल, त्यात साडेचार ग्रॅम चरबी. दिवसाला असे तीन चमचे. या हिशेबाने अर्धा लिटर तेल तुला एकट्याला महिनाभर पुरायला हवं. त्याआधी संपलं तर कुठेतरी हात सैल सुटतोय. बाटलीतून थेट कढईत ओतू नकोस. फोडणी छोट्या कढल्यात कर, एका चमच्यात मोहरी-जिरं व्यवस्थित तडतडतं. कांदा खाली लागायला लागला की तेल न वाढवता पाण्याचा हबका मार आणि झाकण ठेव.

आपल्या जेवणात तेल दिसतं, त्यापेक्षा न दिसणारी चरबी जास्त घात करते. शेंगदाण्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग चरबीच असतो. भाजीत मूठभर कूट पडलं की त्या जेवणाचा हिशेब तिथेच संपला. त्याऐवजी पंढरपुरी डाळं मिक्सरमधून काढून घाल. दाटपणा तोच येतो आणि चरबी दाण्यांच्या आठव्या-नवव्या हिश्शाएवढीच. आमटीत नारळाचं वाटण नको, थोडी शिजलेली डाळच घोटून घाल. म्हशीच्या दुधाच्या एका ग्लासात १३ ग्रॅमच्या आसपास चरबी असते, तेवढ्याच डबल टोन्ड दुधात तीन. शेव, फरसाण आणि खारी सध्या घरात आणूच नकोस. कोंबडी साल काढलेली, छातीची, रश्श्यात शिजवलेली चालेल. ओले बोंबील चालतील पण तळून नाही. बांगडा आणि तारली तेलकट, ते नंतर.

उपासाचं मुद्दाम सांगते. दिवसभर काही खायचं नाही आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, हा कळ ओढवून घ्यायचा हमखास मार्ग आहे. खिचडीत २५ ग्रॅम कूट आणि दोन चमचे तूप म्हटलं तरी वीस ग्रॅमच्या वर चरबी एकदम जाते, तीही तुडुंब भरलेल्या पित्ताशयावर. करायचाच असेल तर वरीचे तांदूळ, पातळ ताक, उकडलेलं रताळं, फळं, आणि दर तीन-चार तासांनी थोडं थोडं.

मेसच्या डब्यात तर्री वरवर काढून भागत नाही, रश्शातही तेल मुरलेलं असतं. त्यांना कोरडे फुलके आणि साधं वरण द्यायला सांग, भाजी तू कर. रात्रीचं जेवण आठच्या आत आणि दिवसातलं सर्वांत हलकं ठेव, कारण कळ बहुतेक वेळा रात्रीच येते.

ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन खडे पाडायचे उपाय कोणी सुचवले तर ऐकू नकोस. शौचातून जे हिरवे गोळे पडतात ते त्या तेलाचेच, साबणासारखे बनलेले असतात. आणि एवढं तेल एकदम गेलं तर खडा सरकून नळीत अडकू शकतो.

कळ पाच तासांत थांबली नाही, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, किंवा उलट्या थांबेनात, तर अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजले असले तरी इस्पितळात जायचं. पुरुष दुखणं अंगावर काढतात, तोवर पित्ताशय सुजून आजूबाजूला चिकटतं आणि दुर्बिणीचं ऑपरेशनही अवघड होऊन बसतं.

ऑपरेशननंतर पित्त साठायला जागा नसते, ते सतत थोडं थोडं आतड्यात येत राहतं. पहिले काही आठवडे हाच तीन चमच्यांचा नेम ठेव, मग दर आठवड्याला एकेक पदार्थ वाढव. जुलाब झाले तर शेवटचा वाढवलेला पदार्थ तेवढा मागे घे.

तुझी,
आई