होम मैदानावरच्या त्या माणसांचे आभार

गेल्या रविवारी संध्याकाळी सोलापूरच्या होम मैदानावर आईला मागून इलेक्ट्रिक स्कूटरची धडक बसली. मनगट मोडलंय, पण आता बरी आहे. नावं विचारायचं भान राहिलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

विड्यांचं सूप घेऊन निघालेल्या मावशी, हात सुजायच्या आत तुम्ही आईच्या बांगड्या आणि अंगठी काढलीत. नाहीतर कापाव्या लागल्या असत्या, असं डॉक्टर म्हणाले. एका दादांनी खोक्याचा पुठ्ठा हाताखाली धरून टॉवेलची झोळी गळ्यात बांधली, तीही मनगट जराही न ओढता. आणि "पाणी पाजू नका, भूल द्यावी लागेल कदाचित," असं सगळ्यांना दटावणारी ती कॉलेजची पोरगी! रिक्षावाले काका तर भाडं न घेताच गेले.

गाडीवर शाळकरी पोरगा होता. ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त न पळणाऱ्या, २५० वॅटपेक्षा कमी ताकदीच्या गाडीला नोंदणी लागत नाही की लायसन्स. त्यात आवाज नाही; पाठमोऱ्या माणसाला कळणार कसं? पण पोरगा पळाला नाही, रडत थांबला. त्याच्यावर कुणाला हात उचलू दिला नाहीत, त्याचेही आभार.

दादा, टॉवेल धुऊन ठेवलाय. ओळख पटवून घेऊन जा.