गजू, काचेच्या झाकणाची पेटी घेऊ नकोस

हिंगणघाट,
धुळवडीचा दुसरा दिवस

प्रिय गजू,

तुझं पत्र आणि सोबतचं कोटेशन दोन्ही नीट वाचलं. वावर न विकता तू फाट्यावरचं दुकान उभं करतो आहेस, याचा मला फार आनंद झाला. काकाजींनाही आता बरं वाटत असेल.

पण त्या तीन पेट्यांबद्दल मला स्पष्ट बोलू दे. दोन दारांचा ६५० लिटरचा व्हिजी कूलर, म्हणजे काचेच्या दाराचा उभा फ्रीज, काचेच्या झाकणाचा ४०० लिटरचा डीप फ्रीझर आणि काउंटरवरचा चॉकलेटचा छोटा कूलर, असं विक्रेत्याने लिहून दिलं आहे. आगाऊ पैसे दिले नसशील तर अजून देऊ नकोस. तो माणूस फसवतो आहे असं मी म्हणत नाही. त्याने तुझं दुकान पाहिलेलं नाही, एवढंच. नागपुरातल्या एसी शोरूममध्ये ज्या पेट्या उत्तम चालतात, त्या राळेगाव रस्त्यावरच्या टिनाच्या शेडमध्ये नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, कशा चालतील, हा विचार तुला आणि मलाच करावा लागेल.

फ्रीजचं काम एवढंच असतं, की आतली उष्णता उचलायची आणि कंडेन्सरच्या जाळीतून दुकानातल्या हवेत सोडायची. आता आपल्याकडे मे महिन्यात वर्धा, चंद्रपूर, अकोला, नागपूर सगळीकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि ते तापमान सावलीतलं. पश्चिमेकडे तोंड असलेल्या टिनाखाली दुपारी चार वाजता त्याहून जास्त असतं. बाहेरची हवाच इतकी तापलेली असली की आतली उष्णता सोडायची कुठे? कंप्रेसर मग थांबतच नाही. बिल वाढतं, बाटल्या कोमटच राहतात, आणि एखाद्या दुपारी ओव्हरलोड ट्रिप होऊन पेटी गप्प बसते. लोक म्हणतात गॅस गेला. पुष्कळदा गॅस जागेवर असतो आणि दोष छताचा असतो.

म्हणून कोटेशनमध्ये लिटरच्या आधी क्लायमेट क्लास बघ, म्हणजे पेटी किती तापलेल्या हवेपर्यंत चालेल त्याचा वर्ग. डीप फ्रीझरच्या पाटीवर एन, एसटी किंवा टी असं अक्षर असतं. एन म्हणजे ३२ अंशांपर्यंतच्या हवेसाठी, एसटी ३८ पर्यंत, टी ४३ पर्यंत. आपल्याला टी सोडून दुसरं काही चालणार नाही, आणि तेही पुरतं म्हणता येत नाही. काचेच्या दाराच्या पेट्यांना काही कंपन्या आकडे देतात. त्यात ४ म्हणजे ३० अंशांवर तपासलेली, ५ म्हणजे ४० अंशांवर. विक्रेत्याला हे ठाऊक नसेल तर त्याच्याकडून कंपनीचा कागद मागव. पाटीवर चोवीस तासांत किती युनिट लागतात तेही असतं. दोन पेट्यांची तुलना करायला तो आकडा कामाचा आहे, पण तुझं बिल त्यावरून काढू नकोस. तो प्रयोगशाळेतल्या हवेत मोजलेला असतो.

छताचं काम पेट्या यायच्या आधी करून घे. टिनावर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दे आणि वर हातभर उंचीवर हिरवी नेट ताण. पऱ्हाटी-तुऱ्हाटी टाकायचा विचार असेल तर करू नकोस, वायरिंग तिथूनच जाते, आग लागायची भीती. पेटी पश्चिमेच्या भिंतीला लावू नकोस. मागे निदान वीतभर जागा सोड. जाळीसमोर पोती रचून ठेवायची सवय सगळ्या दुकानात असते, ती तुझ्याकडे पडू देऊ नकोस.

आता काचेच्या झाकणाबद्दल. आइस्क्रीम दिसतं म्हणून खपतं, हे मला मान्य आहे. पण काचेतून उष्णता आत जाते आणि लाइन गेल्यावर थंडी लवकर उतरते. जाड फोमच्या झाकणाची, ज्याला हार्ड टॉप म्हणतात, ती पेटी भरलेली असेल आणि झाकण उघडलं नाही तर कितीतरी जास्त वेळ तग धरते. वरून उघडणाऱ्या पेटीचा फायदा असा की थंड हवा जड असते, ती झाकण उघडलं तरी तळाशी बसून राहते. उभ्या दाराच्या पेटीतून ती दार उघडताच पायाशी सांडते. आइस्क्रीमला उणे १८ किंवा त्याखालीच ठेवावं लागतं. एकदा मऊ पडून पुन्हा गोठलं की त्यात बर्फाचे कण येतात, कप अर्धा खाली बसतो, आणि पोरगं पुढच्या वेळी शेजारच्या पानठेल्यावर जातं. त्यापेक्षा झाकणावर चित्रांचं रेटकार्ड चिकटव. माझं मत ठाम आहे: हार्ड टॉप, २०० ते ३०० लिटर, त्याहून मोठी नको.

कन्व्हर्टिबल घे असं तुला कोणी सांगेल, म्हणजे बटण फिरवलं की फ्रीझरचा कूलर होतो. सोय चांगली आहे, पण एका वेळी एकच. आइस्क्रीम आणि दुधाची पाकिटं एका पेटीत राहू शकत नाहीत. पुढच्या वर्षी दुधाचा खप वाढला तर फक्त दुधासाठी तशी पेटी घेऊ.

व्हिजी कूलर मात्र हवाच, कारण फाट्यावर एसटी बस थांबते आणि उन्हाळ्यात निम्मा गल्ला पाण्याच्या बाटल्यांचा आणि कोल्ड्रिंकचा असेल. पण दोन दारांचा ६५० लिटरचा रिकामा ठेवायला कशाला? एका दाराचा, ३०० लिटरच्या आसपासचा, आतून पंखा असलेला घे. पंख्यामुळे वरची आणि खालची बाटली सारखी गार होते. काच दुहेरी हवी. एकेरी काचेवर श्रावणात इतका घाम येतो की आतला माल दिसत नाही आणि फरशीवर पाणी साचतं.

एक हिशोब समजून घे, पुढे रोज कामी येईल. एक-एक लिटरच्या १२ बाटल्यांचं खोकं ४० अंशांवरून ६ वर आणायचं तर जवळपास अर्धा युनिट एवढी उष्णता बाहेर काढावी लागते. लग्नसराईत दुपारी बारा वाजता तू चार खोकी एकदम आत सारलीस तर पेटी संध्याकाळपर्यंत सावरत नाही, आणि आधीच गार असलेला मालही कोमट होतो. म्हणून भरायचं रात्री दुकान बंद करताना. दुपारी फक्त गेला तेवढाच माल घाल. बाटल्या भिंतीला खेटून रचू नकोस, हवा फिरायला बोटभर फट हवी. दूध-दही वरच्या कप्प्यात किंवा दाराशी नको, खाली मागच्या बाजूला ठेव. दुधाला ५ अंशांच्या आतच ठेवलं पाहिजे, त्यासाठी आत एक साधा थर्मामीटर टांगून ठेव. पेटीच्या बाहेरच्या आकड्यावर विसंबू नकोस.

कोल्ड्रिंक कंपनीची पेटी डिपॉझिटवर मिळते, असं तुझ्या साडभाऊने सांगितलं ते खरं आहे. पण करार वाच. पेटी त्यांची, तिच्यात माल त्यांचाच ठेवायचा, वीजबिल तुझं. दुधाचं पाकीट किंवा आपल्या बचतगटाच्या बायांचं ताक त्यात ठेवता येणार नाही. तुझी स्वतःची एक पेटी असेल तर दुसरी म्हणून ती खुशाल घे. पहिली आणि एकुलती म्हणून नको.

चॉकलेट कूलर सध्या राहू दे. कोको बटर साधारण ३४ अंशांवर वितळतं, त्यामुळे उन्हाळ्यात चॉकलेटला थंडावा लागतो हे खरं. व्हिजी कूलरचा वरचा एक कप्पा त्याला पुरेल.

आता विजेचं. माझ्या मते तुझ्या सगळ्या प्रश्नांत हा सर्वात मोठा आहे. दुकान गावठाणाच्या बाहेर आहे ना? मग तुझी लाइन गावठाण फिडरवरून आहे की शेतीपंपांच्या फिडरवरून, हे आधी लाइनमनला विचार. फिडर म्हणजे सबस्टेशनवरून निघणारी वीजवाहिनी. शेतीच्या फिडरला थ्री फेज पाळीपाळीने ठरावीक तासच मिळते. तिथून कनेक्शन असेल तर डीप फ्रीझरचा बेतच बदलावा लागेल. तशा ठिकाणी युटेक्टिक पेटी बघायची. तिच्या भिंतीत एक द्रावण असतं, लाइन असताना ते गोठतं आणि लाइन गेल्यावर काही तास पेटीला थंड ठेवतं. आइस्क्रीमच्या हातगाड्या याच तत्त्वावर दिवसभर फिरतात. महाग आहे, पण जिथे दिवसाचे निम्मे तास लाइन नसते तिथे दुसरा मार्ग नाही.

गावठाणाचीच लाइन असली तरी व्होल्टेज मोजायचं. रब्बीत हरभरा-गव्हाला पाणी सुटलं की डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड येतो आणि शेवटच्या खांबावर २३० चे १७० होतात. कमी व्होल्टेजवर कंप्रेसर जास्त करंट ओढतो, गरम होतो, शेवटी वाइंडिंग जळतं. म्हणून प्रत्येक पेटीला स्वतंत्र स्टॅबिलायझर लाव, आणि तो टाइम डिले असलेलाच घे. लाइन जाऊन लगेच आली की कंप्रेसरच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा झालेला नसतो. तेव्हा तो सुरू व्हायला धडपडतो आणि अडकतो. तीन ते पाच मिनिटं थांबून सुरू झाला की आयुष्य वाढतं. घरातल्या छोट्या इन्व्हर्टरवर पेटी चालवायचा विचार सोडून दे. चालू झाल्यावर वॅट कमी दिसतात, पण सुरू होतानाचा करंट कितीतरी पट असतो. अर्थिंगचा खड्डा नवीन खणून घे. कनेक्शन व्यावसायिकच घे. घरच्या मीटरवरून वायर ओढलीस तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते.

गॅसबद्दल विचारलं आहेस. नव्या पेट्यांत बहुधा आर-२९० येतो, म्हणजे प्रोपेन. जळणारा आहे म्हणून घाबरू नकोस, अशा छोट्या पेटीत तो साधारण १५० ग्रॅमच्या आतच असतो, घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. वीज कमी लागते आणि हवामानाला नुकसान नगण्य. फक्त तो हाताळता येणारा मेकॅनिक जवळ हवा. आत गॅस असताना नळीला डाग द्यायची, म्हणजे जोड द्यायची, ज्योतीची टॉर्च पेटवणारा माणूस पेटीजवळही येऊ देऊ नकोस. म्हणून घेतानाच विचार की सर्व्हिसवाला यवतमाळहून येणार की नागपूरहून, आणि किती दिवसांत. कॉइल तांब्याची आहे का तेही विचार. तांब्याला डाग देता येतो, ॲल्युमिनियमला फार कठीण जातं.

जाळी साफ ठेवण्याचं मी सगळ्यांना सांगतो, पण तुला जास्त कळकळीने सांगतो, कारण तुझ्या रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जातात. याच हंगामात इथे जिनिंगजवळच्या एका दुकानात गेलो होतो. पेटी थंड करत नव्हती, गॅस भरून द्या म्हणाले. मी खालची पट्टी काढली तर कंडेन्सर दिसतच नव्हता. त्यावर कापसाच्या तंतूंचा आणि धुळीचा थर बसलेला, रजईच्या तुकड्यासारखा अख्खा हातात निघून आला. खाली जाळी चकचकीत होती. ब्रश फिरवला, पेटी सुरू केली आणि संध्याकाळपर्यंत आत ४ अंश. तुझ्याकडे दर पंधरवड्याला मऊ ब्रश फिरवायचा, कापूस वेचणीच्या दिवसांत दर आठवड्याला. पट्टी काढण्याआधी प्लग काढायचा. आणि डीप फ्रीझरमध्ये बर्फ अर्धा सेंटीमीटर जाड झाला की पेटी बंद करून वितळू द्यायचा. सुरीने खरवडलं की भिंतीतली नळी फुटते, मग खर्च निम्म्या पेटीएवढा.

दुकानात डेझर्ट कूलर लावशीलच. लाव, हवा थंड झाली की पेट्यांनाही आराम पडतो. फक्त त्याची ओली हवा थेट पेटीवर येऊ देऊ नकोस, आणि मागची खिडकी उघडी ठेव.

तेव्हा गजू, एवढं कर. साधा मल्टिमीटर आण आणि आठवडाभर सकाळी, दुपारी दोनला आणि रात्री आठला दुकानातलं व्होल्टेज लिहून ठेव. लाइन किती वेळ गेली तेही लिही. फिडरचं लाइनमनला विचार. तो कागद आणि दुकानाच्या आतला फोटो मला पाठव. मग मी स्वतः तुझ्यासोबत येतो, दोन पेट्या निवडू, आणि बसवतानाही मी असेनच. गुढीपाडव्याला दुकान उघडायचं असेल तर कागद लवकर पाठव, आता हातात थोडेच दिवस आहेत.

काकू-काकाजींना नमस्कार. वहिनींनाही सांग.

तुझाच,
बंडू