रोप घेताना थंडीचा आकडा नको, मे महिना बघा

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या बागेवर लेख आला होता. ‘हार्डीनेस झोन पाहूनच रोपं निवडा’ असा त्यात सल्ला होता; हार्डीनेस झोन म्हणजे हिवाळ्यात किती थंडी पडते त्यावरून पाडलेले प्रदेशांचे क्रमांकवार पट्टे. परभणीजवळ माझी छोटी रोपवाटिका आहे. तो लेख आल्यापासून गिऱ्हाईक मोबाइलवर झोनचा आकडा दाखवतं आणि विचारतं, ‘ताई, हे आपल्या झोनमध्ये बसतंय, लावू का?’ लोक हौसेने पैसे घालतात आणि रोप मेमध्ये जळतं, म्हणून हे पत्र.

हे झोन अमेरिकेच्या कृषी खात्याने आखले आहेत, एकूण १३. त्यात मोजलेली गोष्ट एकच: वर्षातली सगळ्यात थंड रात्र किती थंड असते, त्याची अनेक वर्षांची सरासरी. जिथे जमीन गोठते तिथे रोप हिवाळा काढेल का, हे कळायला तो नकाशा उत्तमच आहे. पण आपल्याकडे थंडीने झाड मेल्याचं क्वचितच दिसतं. मराठवाड्यात हिवाळ्याचा नीचांक बहुतेक ठिकाणी ५ ते १० अंशांत असतो. त्या हिशोबाने आपण ११ व्या झोनच्या आसपास येतो. अमेरिकेतलं मायामी शहरही ११ मध्येच आहे! तिथला उन्हाळा ३२-३३ अंशांचा, हवा समुद्राची, दमट, आणि पाऊस आपल्या दुपटीहून जास्त. आपल्याकडे मेमध्ये पारा ४२-४३ वर, वारा कोरडा, आणि पाऊस वर्षाचा मिळून सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास. आकडा सारखा असून उपयोग काय?

अरेका पामचंच घ्या. झोन बघितला तर तो इथे यायलाच हवा. पण उघड्यावर ठेवला की उन्हाळ्यात त्याच्या पानांची टोकं करपतात, त्यात बोअरचं क्षाराचं पाणी. एक्झोरा तर दक्षिण भारतातलाच, पण त्याला आम्लधर्मी माती लागते. आपल्या चुनखडीच्या जमिनीत त्याला लोह घेता येत नाही. शिरा हिरव्या राहतात आणि पान पिवळं पडतं. अनंताचंही तसंच. माणसं खत वाढवत राहतात, दोष मात्र जमिनीचा असतो. काळी माती पावसाळ्यात पाणी धरून मुळं कुजवते आणि उन्हाळ्यात भेगाळून तीच मुळं तोडते. हे कुठल्याही झोनच्या नकाशात नाही.

सफरचंदाची रोपंही लोक मागतात. नेहमीच्या जातींना हिवाळ्यात ७ अंशांखालचे हजारभर तास लागतात. ते इथे कुठून आणायचे? मी ती रोपं ठेवतच नाही.

मग लावायचं काय? बोगनवेल, जिला पाण्याचा थोडा ताण बसला की जास्त फुलते. देवचाफा, टिकोमा, कोरांटी, मधुमालती. कुंपणाला मेंदी किंवा अडुळसा. कण्हेरही बिनतक्रार जगते, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. लहान मुलं किंवा शेरडं-गुरं असतील तर लावू नका. जागा असेल तर बहावा, कडुनिंब, शेवगा, कवठ, सीताफळ. बालाघाटच्या डोंगरात सीताफळ कोणी पाणी न घालता वाढतं, याहून मोठी खात्री कोणता नकाशा देणार? एक सांगून ठेवते: चाफा आणि सीताफळ पानं गाळतात. दरवर्षी कोणी तरी ‘वाळलं’ म्हणून उपटून टाकतं. फांदी नखाने खरवडून बघा, आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे.

खड्डा एप्रिल-मेमध्ये घेऊन उन्हात तापू द्या. काळ्या मातीत मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळा. एक-दोन दमदार पाऊस झाल्यावर लावा, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत मुळं खोल जातात. आळ्यात पालापाचोळ्याचा जाड थर घाला. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात हा थरच झाड वाचवतो. पश्चिमेच्या भिंतीला नाजूक रोप ठेवू नका, ती भिंत अंधार पडल्यावरही धग सोडत असते.

मराठवाडाही सगळा एकसारखा नाही. आष्टी-पाटोद्याचा भाग पर्जन्यछायेतला, किनवट-माहूरकडे पाऊस कितीतरी जास्त. म्हणून आपल्याला विनंती आहे की बागेच्या सदरात झोनचे आकडे छापण्याऐवजी प्रत्येक झाडापुढे तीन गोष्टी द्याव्यात: मेचं ऊन उघड्यावर सोसतं का, चुनखडीच्या काळ्या मातीत चालतं का, आणि मुळं धरल्यावर किती दिवस पाण्यावाचून राहतं. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून याच मातीत काम करतं आहे. तिथल्या उद्यानविद्या विभागाकडून अशी तालुकावार यादी मिळवून मेच्या आत छापली, तर लोक जूनच्या लागवडीला ती हातात घेऊन येतील. रोपं मी त्याप्रमाणे तयार ठेवीन.

आपली नम्र,
एक रोपवाटिकाचालक, परभणी