पीपीटी पुरे, कथा लिहून घ्या

महोदय,

हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये माझी सारी नोकरी झाली. तिथे सूचनापेटी होती. उघडली की चहा पातळ असल्याच्या चिठ्ठ्या निघत. हल्ली शहरात इनोव्हेशनच्या कार्यशाळांचं पेव फुटलंय. हॉटेलात कन्सल्टंट पीपीटी दाखवतो, जेवणं होतात, मंडळी घरी.

फ्रान्सच्या संरक्षण खात्याने २०२० साली वेगळाच मार्ग धरला. 'रेड टीम' नावाखाली विज्ञानकथा लेखक बसवले आणि २०३० ते २०६० दरम्यान देशावर काय काय ओढवू शकेल ते कथांतून मागवलं. शास्त्रज्ञ आणि लष्करी अधिकारी मदतीला. एका कथेत चक्क समुद्री चाच्यांचं राष्ट्र उभं राहतं!

आमच्याकडेही एका तरुण मॅनेजरने असंच काहीसं केलं होतं. 'मे २०४० मधली आपली एक पाळी लिहा,' एवढंच सांगितलं. एका फिटरने लिहिलं: दिवसा शेड इतकं तापतं की हायड्रॉलिकचं तेल पातळ होऊन प्रेस दाब धरत नाही, म्हणून पाळी रात्री दोनला लागते. बायको बाराला उठून डबा करते. बस नाही, म्हणून सगळे गाडीवर, मागे मोकाट कुत्री. 'आणि साहेब एसीत बसून विचारून राहिले, प्रॉडक्शन का घटलं?' आम्ही हसलो. पण महिनाभरात ऑइल कूलर पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवरून हलवला गेला. कन्सल्टंटच्या अहवालात या कथेची 'शिफ्ट टायमिंगमध्ये बदल' एवढी एकच ओळ झाली असती. डबा आणि बस त्यात कुठून येणार?

मराठीत या कामाला माणसं आहेत. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत खुद्द नारळीकरांनी १९७४ मध्ये टोपणनावाने कथा पाठवली होती आणि बक्षीस मिळवलं होतं. कारखान्यांनीही नावं झाकूनच कथा वाचाव्यात, नाहीतर जीएमचीच कथा पहिली येईल.

महापालिकेनेही हे करून पाहावं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांना २०४५ मधली तशीच एक रात्र लिहायला सांगा. सोबत एक विज्ञानकथाकार आणि ड्रेनेजचा एक ज्युनिअर इंजिनिअर द्या. आणि हो, मानधनही द्या. एका कार्यशाळेच्या जेवणाच्या बिलात भागेल.

– एक निवृत्त सुपरवायझर, त्रिमूर्तीनगर, नागपूर