अण्णांची जिंटी

मिरज, रविवार रात्र

प्रिय दिग्या,

फोनवरच सांगणार होतो, पण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मग विषय मोटर सांभाळणाऱ्या त्या तुझ्या चिपवर, डिकोडरवर जातो तो परत येत नाही. म्हणून लिहायला बसलो. अण्णांची जिंटी, ते छोटं मॉडेल इंजिन, काल रात्री शंटिंगच्या, म्हणजे यार्डात डबे जोडण्याच्या, चालीने चालली. न थांबता, न हिसका देता, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. काकू समोर खुर्चीत होत्या. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? हिला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं, आता पानं घेते."

आधी तब्येतींचं उरकतो. माझी बीपीची गोळी चालू आहे. हिचे गुडघे पावसाळ्यात दुखतात, तसे दुखताहेत. काकूंचा दुसरा डोळा छान झाला, आता पेपर स्वतः वाचतात आणि आम्हाला वाचून दाखवतात. झालं.

आता इंजिन. माझं पहिल्यापासून म्हणणं हेच होतं की जिंटी पळवायची वस्तूच नाही. लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेने १९२४ ते १९३१ मध्ये ही ४२२ इंजिनं घेतली ती मुख्यतः यार्डातल्या आणि मालगाड्यांच्या कामाला. तूच इंग्लंडातल्या बटरलीच्या जुन्या रेल्वेतून खऱ्या जिंटीचा फोटो पाठवलास ना, सहा चाकं, दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या, अंगाने बुटकी. आणि तू मात्र नॉब पूर्ण फिरवून तिला डेक्कन क्वीन करायचास, वळणावर पाडायचास आणि माझ्याकडे बोट दाखवायचास. अण्णांनी ती कधी पळवली नाही. मिरजेच्या यार्डात तीन गेजची, म्हणजे रुळांच्या तीन रुंदींची, शंटिंगं ज्यांनी केली, त्यांना पळवण्याचं काय कौतुक? त्यांचं सगळं लक्ष डबा लागताना हूक कसा भिडतो याकडे. हात आडवा धरून बोटं हलवायचे, "हळू… हळू… अजून हळू", आणि तेवढ्यात जिंटी एक उडी मारून डब्याला धडकायची. त्यांचा चेहरा तुला आठवतच असेल.

हळू म्हणजे किती, ते मी यंदा आकड्यात मांडलं. खरं इंजिन ताशी ५ किलोमीटरने डब्याकडे जातं असं धर. आपलं मॉडेल एकास ७६. म्हणजे सेकंदाला दोन सेंटिमीटरसुद्धा नाही, आणि एक मीटर रूळ कापायला ५५ सेकंद. चाकाचा एक फेरा तीन सेकंदांहून जास्त चालला पाहिजे. गिअर वीसास एक धरलास तरी मोटर मिनिटाला ४०० फेरेही घेत नाही. एवढ्या कमी वेगात तीन पोलचं आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, गोल फिरतच नाही, टप्प्याटप्प्याने फिरतं. चुंबक धरतं, सोडतं, पुन्हा धरतं. त्यात कुठे जरा घर्षण वाढलं की संपलं. एकदा थांबलेली वस्तू हलवायला चालत्या वस्तूपेक्षा जास्त जोर लागतो, तू नॉब वाढवतोस, ती सुटते, आणि सुटल्यावर तो जोर जास्त होतो. ती उडी हीच.

म्हणून मी आधी विजेला हातच लावला नाही. मोटर सोडवून बाजूला ठेवली आणि नुसती चासी, म्हणजे चाकांसकट खालचा सांगाडा, काचेवर ठेवून काच एका बाजूने उचलत गेलो. चाकांना एकमेकांशी जोडणारे साइड रॉड लावलेले असताना चासी आपल्या वजनाने गडगडत खाली आली पाहिजे. ती यायची आणि एका जागी थबकायची. चाकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला, तर दर वेळी तीच जागा: डावी क्रँक पिन, म्हणजे चाकावरची रॉड अडकवायची खुंटी, खाली आणि जराशी मागे. साइड रॉड काढले, थबकणं गेलं. म्हणजे ॲक्सल सरळ, चाकं सरळ, दोष रॉडमध्ये. डावा रॉड काचेवर आडवा ठेवला तर मधोमध खालून उजेड दिसतो! आता हा रॉड कधी वाकला? माळ्यावरून खोका कुणी खाली टाकला होता? तू म्हणशील मी, मी म्हणतो तू, आणि यावर आपण दहावीच्या सुट्टीत दीड महिना बोललो नव्हतो. काकूंनाही आठवतंय. त्या माझ्या बाजूने आहेत, एवढं नोंदवून पुढे जातो.

रॉड दोन पितळी पट्ट्यांमध्ये धरून सरळ केला. लोकांना वाटतं दोन्ही बाजूंच्या क्रँक पिना एकमेकींशी बरोब्बर काटकोनात हव्यात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिन्ही ॲक्सलना तो कोन एकसारखा हवा, आणि रॉडच्या भोकांमधलं अंतर ॲक्सलमधल्या अंतराइतकं हवं. हे दोन जमले की इंजिन बोटाने ढकललं तरी लोण्यातून गेल्यासारखं जातं.

गिअरमध्ये काय निघालं ते वाचून हसू नकोस. दातांच्या खाचांत पिवळा, चिवट थर. वास घेतला, तर खोबरेल! पॅराशूटच्या बाटलीतून तूच घातलं होतंस, "तेल ते तेल" म्हणत. इतक्या वर्षांत त्याचा डिंक झाला होता. तो पेट्रोल आणि टूथब्रशने काढला. आता शिलाई मशीनचं तेल, तेही टाचणीच्या टोकाने, ॲक्सलला एकेक थेंब. वर्म, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचा मळसूत्री दात, आणि गिअर यांच्यात केसाएवढी फट लागते. मोटर बसवताना मधे पातळ कागदाचा कपटा धरला, स्क्रू आवळला, मग कपटा ओढून काढला.

एवढं करूनही मोटर दमच धरेना. रिकामी असताना वाऱ्यासारखी फिरे, पाऊण अँपिअरच्या वर करंट खाई, हात लावू नये इतकी तापे, आणि दोन डबे लावले की बसे. ही लक्षणं चुंबक अशक्त झाल्याची. अशक्त चुंबकाची मोटर मंद होत नाही, उलट पळते, फक्त तिच्यात जोर नसतो. या जुन्या मोटरींचं चुंबक अल्निको नावाच्या मिश्रधातूचं. आर्मेचर बाहेर काढताना चुंबकावर लोखंडाचा तुकडा आडवा ठेवला नाही, तर चुंबकत्व उतरतं. आणि दिवाळीच्या सुट्टीत आर्मेचर बाहेर काढून "बघ, आत तांब्याची तार आहे" असं जगाला कुणी दाखवलं होतं? दिग्या, हा आरोप नाही, हा पंचनामा आहे. तेव्हा आपल्याला काय ठाऊक.

तू म्हणालास निओडिमियमचं ताकदवान चुंबक घाल. वाचलं मी त्याबद्दल. चुंबक जास्त ताकदीचं झालं की ते आर्मेचरला टप्प्याटप्प्यावर जास्त घट्ट धरतं, म्हणजे पळायला उत्तम पण रांगायला वाईट. मला रांगणं हवं होतं. मग आठवलं, पूर्वी गॅरेजवर पाटी असायची, 'मॅग्नेट चार्ज करून मिळेल'. लूना, राजदूतची मॅग्नेटं चार्ज करणारे. सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या बोळात एक म्हातारबाबा अजून ते काम करतात. त्यांच्याकडे तांब्याच्या तारेची दोन मोठी कॉइलं, मधे लोखंडाचे दोन ठोकळे, खाली ट्रकच्या बॅटऱ्या. त्यांनी आधी होकायंत्र लावून चुंबकाचं उत्तर टोक कुठलं ते पाहिलं, कारण उलटं चार्ज झालं असतं तर पुढे म्हटल्यावर इंजिन मागे गेलं असतं. मोटर उघडली नाही, आर्मेचर आतच ठेवून चुंबक ठोकळ्यांत धरलं. बटण दाबलं, 'ठक्' आवाज, सोडलं, पुन्हा 'ठक्'. मग मोटरचा शाफ्ट दोन बोटांत धरून फिरवला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. पैसे घेईनात. इंजिन कुणाचं ते सांगितल्यावर तर नाहीच. अण्णांना ते ओळखत होते.

करंट आता निम्म्याखाली आला आहे, तासभर चालवली तरी मोटर जेमतेम कोमट होते.

कंट्रोलरचं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही. तुझं म्हणणं, डिकोडर टाक, तो दोन स्पंदनांच्या मधल्या क्षणात मोटर फिरताना स्वतः तयार करते तो उलटा व्होल्टेज मोजतो, वेग कळतो, कमी पडला तर जोर वाढवतो. मान्य, फार सुंदर युक्ती आहे. पण वाकड्या रॉडवर तो काय करणार? अडणाऱ्या जागी जास्त जोर लावणार, आणि क्रँक पिन झिजवत राहणार. आधी यंत्र मोकळं झालं पाहिजे, वीज नंतर. शिवाय या मोटरला वीज पोचवणारा एक ब्रश सरळ चासीला जोडलेला आहे. तो वेगळा न करता डिकोडर लावला तर डिकोडर जळेल. मी पम्याने ५५५ टायमरच्या चिपवर करून दिलेला कंट्रोलर वापरतो. तो पूर्ण १२ व्होल्टचीच छोटी छोटी स्पंदनं देतो, सेकंदाला शंभरेक. प्रत्येक स्पंदन आर्मेचरला टिचकी मारतं, म्हणून ते जागेवर चिकटत नाही. थोडी गुणगुणते मोटर. काकू म्हणाल्या, "वाफ धरलीय."

तर काल रात्री पाच डबे मागे लावले, सहावा पुढे उभा केला. नॉब हलवला न हलवला, गुणगुण सुरू झाली आणि पांढरा ठिपका हलू लागला. खाली, मागे, वर. त्या खोडकर जागेवरून गेला, काही झालं नाही. पुन्हा गेला. इंजिन डब्याजवळ पोचलं, बफर बफरला टेकले, आणि डबा हललाच नाही, फक्त हूक पडला. काकूंनी हात आडवा धरला होता, अण्णांसारखाच. मी बघितलं तसा त्यांनी तो मांडीवर ठेवला.

आता खरं ज्यासाठी लिहितोय ते. सांध्यावर, म्हणजे रूळ बदलतो त्या जागी, ती थांबते. जोरात गेली तर जाते, हळू गेली की बरोब्बर फ्रॉगवर, म्हणजे सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्यावर, थांबते. कारण उघड आहे. फ्रॉग प्लॅस्टिकचा, तिथे वीज नाही. चासी ताठ, सहाही चाकं कधी एका वेळी रुळाला नीट टेकत नाहीत. आणि वर्म गिअर असल्यामुळे वीज गेली की चाकं जागच्या जागी लॉक होतात, घरंगळून पुढे जाण्याची सोयच नाही. सपाट रुळावर इतकी गुणी चालणारी पोरगी तिथे येऊन मेल्यासारखी उभी राहते. बोटाने ढकलावी लागते. मला ते बघवत नाही.

वीजवाले फ्रॉग असलेले सांधे घालू म्हटलं. पण जिंटीची चाकं जुनी, कंगोरे जाड, आणि समोरासमोरच्या चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर नव्या सांध्यांना हवं त्या साडेचौदा मिलिमीटरपेक्षा कमी. चाकाची पाठ सांध्याच्या उघड्या पात्याला घासली की शॉर्ट. चाकं ॲक्सलवर बाहेर सरकवायची तर क्रँक पिनांचा कोन हलण्याची भीती, आणि ती सगळी कसरत पुन्हा. नको वाटतं.

सोपा उपाय दुसरा आहे. एका बाजूच्या चाकांतून वीज घेणारी जी पत्र्याची पट्टी आहे, ती काढून प्रत्येक चाकाला फॉस्फर ब्राँझची बारीक तार टेकवायची. तासाभराचं काम. मी पट्टी सोडवायला घेतली आणि उलटी करून पाहिली. ती कंपनीची नाहीच. आतल्या बाजूला केशरी रंग आहे आणि अर्धं अक्षर. बोर्नव्हिटाच्या डब्याचा पत्रा आहे तो, कानस मारून कडा गोल केलेल्या, दोन टोकांना अण्णांचा तो ठरलेला सोल्डरचा जाडसर डाग. कधी केलं असेल त्यांनी? आपण शाळेत असताना? आपल्याला कळलंही नाही. पट्टीतला ताव गेलाय, मधल्या चाकाला ती धड लागतही नाही. कामाच्या दृष्टीने तिच्यात काही उरलेलं नाही.

मी ती होती तशी परत बसवली. काकूंना अजून दाखवलेली नाही. तूच सांग काय करू. काढून डबीत ठेवू? की तिच्यावरच मागून तारा डाग देऊन लावू, म्हणजे ती जागेवर राहील आणि काम तारा करतील? मला दुसरं बरं वाटतं, पण पट्टी गंजलीय, डाग धरेल की नाही खात्री नाही, आणि गरम करताना अण्णांचा डाग सुटला तर? रात्री झोप येत नाही म्हणून हेच चालू असतं डोक्यात.

तुझ्या घराचं काम संपलं का? मुक्ताला नोकरी लागल्याचं काकूंनी सांगितलं, फार आनंद झाला, तिला स्वतंत्र लिहीन. वहिनींना नमस्कार. पाठ सांभाळ, बर्फ उपसायला जाऊ नकोस.

दिवाळीत येशील तेव्हा फॉस्फर ब्राँझची तार आण, ०.३ मिलिमीटरची, इथे लोक स्प्रिंग म्हणून काहीही देतात. कमी उष्णतेत वितळणारा सोल्डर मिळाला तर तोही. डिकोडर आणलास तरी चालेल, पण तो तुझ्या बॅगेत राहील. पट्टीचं तू येऊन हातात घेऊन बघ, मग दोघं मिळून ठरवू. तोपर्यंत मी सांध्यापर्यंतच चालवतो.

तुझा,
बंड्या